इंदूरच्या छोट्या पशुदवाखान्यासाठी एक्स-रे सॉफ्टवेअर: कंपनीचं, क्लाउडचं की स्वतःचं?

महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून पदवी घेऊन इंदुरात स्वतःचा दवाखाना थाटणारे ज्युनियर फोन करतात तेव्हा सगळे प्रश्न एक्स-रे टिपणाऱ्या पॅनेलबद्दलचे असतात. कोणत्या कंपनीचं घेऊ, वायरलेस की वायरचं, किती इंची. सॉफ्टवेअरचा विषय निघत नाही, कारण ते मशीनसोबत येतंच. पण दिवसभर गाठ पडते ती सॉफ्टवेअरशी. पॅनेल बिघडलं तर दुसरं आणता येतं. सॉफ्टवेअरमध्ये साठलेले एक्स-रे गेले तर ते कुठूनही आणता येत नाहीत. म्हणून मी आधी एवढंच विचारतो: कंपनीला फोन न करता सगळ्या इमेज पूर्ण दर्जाच्या आणि पूर्ण माहितीसकट बाहेर काढता येतात का?

बाहेर काढणं म्हणजे जेपीजी काढणं नव्हे. 14 बिटांच्या पॅनेलमध्ये राखाडीच्या 16,384 छटा असतात, साध्या जेपीजीत 256 उरतात. महूच्या कॉलेजातल्या सरांना छातीचा एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला, तर तुम्ही ठेवलेली ब्राइटनेस तीच त्यांना बघावी लागते. फुप्फुसासाठी वेगळी विंडो (ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची मर्यादा), मणक्यासाठी वेगळी, असं त्यांना करता येत नाही. डायकॉम फाइल, म्हणजे वैद्यकीय इमेज पेशंटच्या माहितीसकट ठेवण्याच्या ठरलेल्या पद्धतीतली फाइल, गेली तर येतं. डायकॉम हे नाव 1993 मध्ये रूढ झालं आणि आज जवळजवळ प्रत्येक विक्रेता ‘आमचं डायकॉम आहेच’ म्हणतो. तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेटवर्कने आपोआप पाठवतं की एकेक फाइल पेनड्राइव्हवर काढावी लागते, आणि पाठवण्याच्या सोयीचे वेगळे पैसे पडतात का, हे विचारा.

आता तीन वाटा. पहिली, मशीनसोबतचं सॉफ्टवेअर. हे टाळता येत नाही, पॅनेल त्याच्याशिवाय चालत नाही. निर्णय एवढाच, की फक्त त्याच्यावर भागवायचं का. एक्स-रे काढताना त्याचा हात कुणी धरू शकत नाही. कुत्रं टेबलावर धरलेलं असतं, मालक घाबरलेला असतो, आणि काही सेकंदांत इमेज समोर येते. तिरका आला तर तिथेच दुसरा घेता येतो. अडचण ही, की आपल्याकडे विकली जाणारी बरीच सॉफ्टवेअर माणसांसाठीची असतात. त्यांत प्राण्याची जात (कुत्रं की मांजर), वाण (पग की लॅब्रॅडॉर), मालकाचं नाव यांना रकानेच नसतात. डायकॉममध्ये मात्र त्यांची सोय आहे: प्राण्याच्या जातीसाठी 0010,2201, वाणासाठी 0010,2292, मालकासाठी 0010,2297, नसबंदी झाली आहे का यासाठी 0010,2203. हे रकाने नसले की सगळं पेशंटच्या नावात कोंबलं जातं, आणि मग ‘शेरू’ शोधला की पाचपंचवीस शेरू येतात. आयडीच्या जागी केसपेपरचा नंबर टाकायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. नंतर निस्तरता येत नाही.

माणसांच्या सॉफ्टवेअरचा दुसरा त्रास इमेज-प्रोसेसिंगचा. चार किलोचं पगचं पिल्लू आणि चाळीस किलोचा जर्मन शेफर्ड या दोघांनाही ‘चेस्ट’ याच एका सेटिंगवर टाकलं जातं. कडा ठळक करणारं प्रोसेसिंग जास्त असेल, तर फ्रॅक्चरला लावलेल्या प्लेटच्या आणि स्क्रूच्या भोवती काळी कड दिसते. स्क्रू ढिला झाल्यावर हाडात जशी काळी रेघ दिसते, अगदी तशीच. एबी रोडवर गाडीखाली आलेलं कुत्रं सहा आठवड्यांनी तपासणीला आलेलं आहे, आणि पुन्हा उघडायचं का हे त्या रेघेवर ठरणार आहे. अशा वेळी प्रोसेसिंग कमी करून तीच इमेज परत बघता आली पाहिजे. डेमोला प्लेट लावलेल्या पायाचाच एक्स-रे मागा आणि हे समोर करून घ्या.

दुसरी वाट क्लाउडची, म्हणजे इमेज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायच्या. आयडेक्सचं वेब पॅक्स, अ‍ॅस्टेरिसचं कीस्टोन ही प्राण्यांसाठीच बांधलेली, त्यामुळे वरचे रकाने तिथे असतात. रेडिओलॉजिस्टला लिंक गेली की तो त्याच्या घरून बघतो. दोन शाखा असतील, किंवा आठवड्यात बऱ्याच केस बाहेर रिपोर्टिंगला जात असतील, तर हीच वाट चांगली. पण इंटरनेटचा हिशेब आधी मांडा. साधारण 2,500 गुणिले 3,000 पिक्सेलची इमेज न दाबता 15 एमबीची होते. तीन व्ह्यू (वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले एक्स-रे) म्हणजे 45 एमबी. अपलोड 5 एमबीपीएस असेल तर एका केसला सव्वा मिनिट लागतं, तेवढं चालतं. पावसाळ्याच्या तोंडाला वीज आणि नेट एकदम जातं तेव्हा जुना एक्स-रे बघता येईल का, हे विचारायला हवं. लोकल कॉपी ठेवणारी सेवा असेल तरच घ्या. वर्गणी थांबवल्यावर इमेज किती दिवस आणि कोणत्या स्वरूपात परत मिळतील हे करारात लिहून घ्या. मालकांची नावं आणि फोन नंबर त्यात जातात, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ती जबाबदारी हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही.

तिसरी वाट माझ्या आवडीची: दवाखान्यातच एक छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर डायकॉम इमेज साठवणारं ऑर्थँक. बेल्जियममधल्या लीजच्या विद्यापीठ रुग्णालयात सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे नाहीत, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. कन्सोलमध्ये, म्हणजे मशीनसोबतच्या कॉम्प्युटरवर, त्याचा आयपी, पोर्ट आणि एई टायटल (डायकॉमसाठीचं त्याचं नेटवर्कवरचं नाव) एकदा भरलं की प्रत्येक एक्स-रे आपोआप तिथे जाऊन पडतो. दिवसाला दहा केस, प्रत्येकी तीन व्ह्यू, वर्षाला तीनशे दिवस धरले तर 135 जीबी; 1 टीबीची डिस्क सात वर्षं पुरेल. डिस्क दोन घ्या, एक घरी न्या. उणीव ही, की बिघडलं तर फोन करायला कंपनी नसते. नेटवर्क समजणारा एखादा मुलगा हाताशी हवा, आणि हा कॉम्प्युटर राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही हे त्याला बजावून सांगायला हवं.

बघण्यासाठी व्ह्यूअर वेगळा लागतो. वीसिस फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. होरोस फक्त मॅकवर. रेडियंट विंडोजवर, पैसे भरून, पण वेग सुरेख. मायक्रोडायकॉम फुकट असलं तरी व्यावसायिक वापरासाठी नाही, आणि दवाखाना हा व्यवसायच आहे.

व्ह्यूअर निवडताना तुमच्या कामाला कोणती मापं लागतात ते बघा, कारण सरसकट ‘मेजरमेंट आहे’ या उत्तराला अर्थ नाही. हृदयाचा आकार मोजायची व्हीएचएस पद्धत 1995 मध्ये बुकॅनन आणि ब्यूखेलर यांनी मांडली. लॅटरल (कुशीवर झोपवून काढलेल्या) व्ह्यूमध्ये श्वासनलिकेच्या दुभागणीपासून हृदयाच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, तिला काटकोनात रुंदी घ्यायची, आणि दोन्ही रेघा छातीच्या चौथ्या मणक्यापासून मागे ठेवून मणके मोजायचे आणि दोन्ही आकडे मिळवायचे. कुत्र्यात सरासरी 9.7 येते, पग आणि बुलडॉगमध्ये निरोगी असूनही जास्त येऊ शकते. मायट्रल झडपेच्या आजारात औषध सुरू करताना 10.5 च्या वरचा आकडा एक निकष म्हणून बघतात, तोही इकोसोबत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसोबत. हे सगळं साध्या रेघेच्या टूलने जमतं आणि कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या मापावरून मोजपट्टी बसवणं) लागत नाही, कारण माप त्याच प्राण्याच्या मणक्यांत आहे. कंबरेचा किंवा गुडघ्याचा कोन मोजायलाही लागत नाही. पण प्लेट किती मिलिमीटरची लागेल हे ठरवायचं असेल तर लागतंच: हाड पॅनेलपासून जितकं वर, तितकं ते मोठं दिसतं. हाडाच्या उंचीवर 25 मिमीचा धातूचा गोळा ठेवून एक्स-रे काढायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून कॅलिब्रेट करायचं. हाडांच्या शस्त्रक्रिया करत असाल तर ही सोय नसलेला व्ह्यूअर घेऊ नका. करत नसाल तर तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

एआयने वाचून देणाऱ्या सेवांचा आग्रह विक्रेते हल्ली फार करतात. रात्री एकटे असताना दुसरी नजर म्हणून ठीक. तिरक्या काढलेल्या एक्स-रेला ती सरळ करू शकत नाही, आणि सुरुवातीच्या बजेटमध्ये तो पैसा चांगल्या मॉनिटरवर गेलेला मला जास्त पटतो.

एक डॉक्टर, एक खोली, मोजक्या केस: मशीनचं सॉफ्टवेअर, जोडीला ऑर्थँक आणि वीसिस. शाखा दोन किंवा रिपोर्टिंग बाहेर: क्लाउड, लोकल कॉपीसह. ऑर्डर कोणतीही द्या, तिच्यात तीन ओळी घालून घ्या: नेटवर्कने डायकॉम पाठवण्याची सोय किमतीत धरलेली आहे, कन्सोलचा कॉम्प्युटर बदलल्यास परवाना नव्यावर विनाशुल्क हलवून मिळेल, आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपली तरी जुन्या इमेज उघडतील. एका परिचितांच्या दवाखान्यात ही शेवटची ओळ नव्हती, आणि एका लॅब्रॅडॉरच्या कंबरेचा दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे बघण्यासाठी त्यांना आधी थकलेली एएमसी भरावी लागली.