फ्लेअर घालवणारी काच विकत घेण्याआधी

मुंबईत लग्नाचे, प्री-वेडिंगचे व्हिडिओ करणाऱ्या किंवा चार मित्र जमवून शॉर्टफिल्म करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या बाजारात एका दुकानदाराने मॅट बॉक्ससोबत, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या, उजेड अडवणाऱ्या डब्यासोबत, ‘अँटी-फ्लेअर ऑप्टिकल ग्लास’ म्हणून मला साधी काच गळ्यात मारली. फ्लेअर म्हणजे लेन्सवर नको तो उजेड पडून चित्र दुधाळ होणं. संच ११,००० रुपयांचा, आणि त्यातली निम्म्याहून जास्त किंमत त्या काचेची. माझ्या ओळखीतल्या आणखी दोघांकडे तसाच डबा निघाला, तेव्हा गप्प बसवेना. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही, पण विकायची पद्धत नीट सांगतो.

काउंटरवर कॅमेरा ट्रायपॉडवर तयार असतो. विक्रेता वरच्या बाजूने, फ्रेमच्या जरासा बाहेरून, टॉर्च मारतो. मॉनिटरवर चित्र लगेच दुधाळ होतं, काळे केस राखाडी दिसू लागतात. मग तो मॅट बॉक्स चढवतो, ट्रेमध्ये काच सरकवतो, पुन्हा तिथूनच टॉर्च मारतो आणि चित्र एकदम स्वच्छ. ‘बघा साहेब, काचेची कमाल. आता हुडसुद्धा नको.’ (हुड म्हणजे लेन्सवर सावली धरणारी पुढची कड.) सगळं डोळ्यांदेखत घडतं, म्हणून पटतं. पण मॅट बॉक्स चढवताना त्याने डब्याच्या वरचा फ्लॅग, म्हणजे काळी झाप, खाली झुकवलेला असतो. टॉर्चचा उजेड लेन्सवर पडतच नाही. चित्र सुधारलं ते त्या काळ्या झापेमुळे, काचेचा त्यात काडीचा संबंध नाही. दुकानात असाल तर एवढंच सांगा: ‘फ्लॅग तसाच ठेवा, फक्त काच काढा आणि पुन्हा टॉर्च मारा.’ तिथेच खेळ संपतो.

काचेने मदत केली नाही एवढंच असतं तर निभावलं असतं. तिने काम बिघडवलं. मरीन ड्राइव्हवर दिवे लागल्यानंतरचा शॉट होता. फुटेजमध्ये रस्त्याच्या दिव्यांची एक फिकट, उलटी रांग फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला तरंगत होती, आणि कॅमेरा हलला की ती जोडप्याच्या चेहऱ्यांवरून सरकत जायची. तिथेच काच काढून तीच फ्रेम पुन्हा घेतली, तर रांग गायब. पण तोवर मुख्य शॉट होऊन गेले होते. त्या दोघांची ती संध्याकाळ परत आणता येत नाही, आणि पैशांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आहे.

असं का होतं, ते समजून घ्या. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे जवळपास ८ टक्के. लेन्समध्ये शिरलेला उजेड सेन्सरवरून उलटा येतो, या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत जातो. तीच ती उलटी रांग. चांगलं मल्टिकोटिंग हे परावर्तन पृष्ठभागामागे १ टक्क्याच्या खाली आणतं, पण तेही फक्त त्या काचेपुरतं. लेन्सचा स्वतःचा फ्लेअर पुढे काच लावून कमी होत नाही. फ्रेमबाहेरून येणारा उजेड अडवायला सावलीच लागते: हुड, फ्लॅग, नाहीतर लाइटदादाने सी-स्टँडवर (दिव्यांच्या सामानाच्या स्टँडवर) लावलेला कटर, म्हणजे उजेड अडवणारा काळा पडदा. आणि सूर्य किंवा दिवा फ्रेममध्येच असेल तर या तिघांचाही उपयोग नाही, तिथे कॅमेऱ्याची जागा बदलावी लागते. एनडी (उजेड कमी करणारा काळसर फिल्टर) लावायचाच असेल तर तो जरूर लावा, पण कोटिंगवाला.

कोटिंग ओळखायची सोपी रीत मला अंधेरीच्या एका कॅमेरे भाड्याने देणाऱ्या रेंटलवरच्या जुन्या अटेंडंटकाकांनी दाखवली. काच हातात घेऊन त्यांनी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. ‘ट्यूब कशी पांढरीशुभ्र दिसतेय बघ. कोटिंग असतं तर अंधुक दिसली असती, हिरवट-जांभळी. ही साधी काच आहे रे.’ पाकिटावर मात्र नामांकित कंपनीचं स्टिकर आणि ‘मल्टिकोटेड’ असं छापलेलं.

मग त्यांनी डबाही तपासला. आतून तो मॅट, म्हणजे चमक नसलेला, असायला हवा, हा चकचकीत प्लॅस्टिकचा. म्हणजे बाजूने आलेला उजेड आतल्या भिंतीवरून घसरून सरळ लेन्सवर. मागच्या बाजूला लेन्सभोवतीची फट बंद करणारी रबरी किंवा कापडी रिंग, म्हणजे डोनट, नव्हतीच. ती नसली की पाठीमागचा उजेड फटीतून शिरतो, फिल्टरच्या मागच्या अंगावर पडतो आणि लेन्सवरची अक्षरंसुद्धा चित्रात उमटू शकतात. ही रिंग वेगळी घ्यावी लागेल असं दुकानात कुणी बोललं नव्हतं.

मी परत गेलो तर उत्तर मिळालं, ‘तुमची लेन्स जुनी आहे.’ बिलावर फक्त ‘कॅमेरा ॲक्सेसरीज’, ना मॉडेल, ना जीएसटी क्रमांक, आणि खाली शिक्का: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मराठीतूनही बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

१९१५ वर तक्रार नोंदवल्यावर दुकानातून फोन आला: दुसरी काच देतो, पैसे मिळणार नाहीत. मी नाही म्हटलंय. काच, पाकीट, स्टिकर, बिल आणि काचेसकट व काचेविना घेतलेले दोन्ही शॉट जपून ठेवलेत. तुमच्याकडे असाच डबा असेल तर आजच ट्यूबलाइटखाली काच धरून बघा, बिलावरची तारीख तपासा, आणि ३० दिवस उलटायच्या आत दुकानदाराला लेखी कळवा.