गांधीनगर की हेग?

सांगलीत बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर झालेली पोरं सायबर गुन्हे आणि दहशतवादविरोधी अभ्यासाकडे वळली की घरात वाद ठरलेला : गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी, की थेट परदेश, समजा नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाचा हेग शहरातला कॅम्पस?

गांधीनगरला एम.एस्सी. दोन वर्षांची आणि भर प्रत्यक्ष कामावर. जप्त हार्ड डिस्क आधी राइट ब्लॉकरला जोडायची, म्हणजे तिच्यावर नवं काही लिहिलं जात नाही. मग हुबेहूब प्रत काढून दोन्हींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे सगळ्या डेटावरून गणित करून काढलेला, ठशासारखा ओळख-आकडा, जुळवायची. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी हॅश बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रात हीच हॅश द्यावी लागते. उद्या सांगलीच्या कोर्टात उलटतपासणीला उभं राहायचं, तर हेच कामाला येणार.

हेगला एकच वर्ष, पण अभ्यास धोरणाचा : माणूस कट्टर कसा बनतो, सरकारं काय करतात. युरोपोल, म्हणजे युरोपीय संघाची पोलीस संस्था, त्याच शहरात, त्यांचं सायबर गुन्हे केंद्रही २०१३ पासून तिथंच. हुरळून मात्र जाऊ नका, युरोपोलची नोकरी मुळात युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी असते.

खर्चाचं काय बोलायचं! उसाच्या बिलात हेग बसत नाही, रान तारण ठेवावं लागतं. माझं मत, आधी गांधीनगर, थोडी नोकरी, मग शिष्यवृत्ती मिळाली तर हेग. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात चुकवू नये.