ऑक्सिजन मोजायचं थेंब-किट: रसायनं उत्तम, ड्रॉपर कामाचा नाही

पर्यावरणशास्त्राच्या वर्गांसाठी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजायची थेंब-किटं बऱ्याच कंपन्या विकतात. डब्यातलं सामान थोड्याफार फरकाने तेच असतं: काचेच्या बुचाची ६० मिलीची बाटली, मँगॅनस सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड, सल्फ्यूरिक आम्ल किंवा सल्फॅमिक आम्लाची पूड, स्टार्च आणि थायोसल्फेट. पद्धत रसायनशास्त्रज्ञ विंकलरची, १८८८ सालची, आणि आजही भरवशाची. इथे विचार केलाय तो ‘थायोसल्फेटचा एक थेंब म्हणजे १ मिग्रॅ प्रति लिटर’ या प्रकारच्या किटचा.

किटची खरी किंमत वसूल होते ती नदीकाठावर. पुण्यात मुठेवर खडकवासल्याच्या खाली, विठ्ठलवाडीला आणि संगम पुलाजवळ नमुने घेऊन ते तिथल्या तिथे स्थिर करता येतात. पहिली दोन रसायनं घातली की ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसतो, नसलेल्यात पांढरा. आकडा निघायच्या आधीच फरक डोळ्यांना दिसतो. शिकवण्याच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त आणि बोलकं साधन आमच्या पाहण्यात नाही.

माहितीपत्रक मात्र नमुना घेण्याबद्दल एका ओळीत आटोपतं, आणि निम्म्याहून जास्त चुका तिथेच होतात. पुलावरून बादली टाकून बाटलीत पाणी ओतलं तर उसळताना हवा मिसळते. मूळ डीओ जितका कमी, तितकी चूक मोठी. बादली वापरावीच लागली तर रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवून हळू सायफन करा आणि दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वाहून जाऊ द्या. बुडबुडा राहिला तर ती बाटली बाद. रसायनं सोडताना टोक पाण्यात जरासं बुडवा, ती जड असल्याने खाली जातात. बूच लावून १५ वेळा उलटसुलट करा, साका अर्ध्यावर बसला की पुन्हा एकदा तसंच. आम्ल घातलं, साका विरघळला, की घाई संपली. बाटली अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत टायट्रेशन (स्टार्चने आलेला निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट मोजून घालणं) केलं तरी चालतं.

आता तक्रार. अंघोळीच्या पाण्यासाठी डीओ किमान ५ मिग्रॅ प्रति लिटर हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पाचवा थेंब पडल्यावर निळा रंग गेला, तर खरा आकडा ४.१ की ४.९ हे कळायला मार्ग नाही. त्यात ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो, म्हणजे दोन विद्यार्थ्यांची दोन उत्तरं.

उपाय सोपा आहे. ड्रॉपर उभा धरून १ मिलीत किती थेंब बसतात ते मोजा. २० बसले तर एक थेंब ०.०५ मिली. मग थायोसल्फेट ०.०१ मिलीच्या खुणा असलेल्या १ मिलीच्या सिरिंजने, सुईविना घाला. एक खूण म्हणजे ०.२ मिग्रॅ प्रति लिटर. थायोसल्फेट उजेडाने आणि जिवाणूंनी कमजोर होतं आणि डीओ खोटाच जास्त दिसतो. तपासायला नळाचं पाणी अर्धी बाटली भरून खूप हलवा, मग बुडबुडे बसू द्या. २५ अंशाला, पुण्याच्या उंचीवर, साधारण ७.७ यायला हवं. ९ आलं तर द्रावण बदला. रंग गेल्यावर लगेच निळा परत आला तर पाण्यातल्या नायट्राइटचा अडथळा काढणारं अझाइड जुनं झालंय आणि नायट्राइट त्रास देतंय. स्टार्चवर बुरशी दिसली तर फेकून द्या.

बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायला) हे किट घेऊ नका. त्याला ३०० मिलीच्या बाटल्या, विरलन (नमुन्यात पाणी घालून तो पातळ करणं), २७ अंशाला ३ दिवस अंधारातलं इनक्युबेटर आणि ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या थायोसल्फेटचं ब्युरेट (खुणा असलेली उभी काचनळी) लागतं. २०० मिली नमुन्याला तिथे १ मिली बरोबर १ मिग्रॅ प्रति लिटर, हिशेबही सोपा.

विकत घेताना सल्फॅमिक पुडीचं किट निवडा. काठावर, ओल्या हातांनी तीव्र आम्लाची बाटली हाताळणं विद्यार्थ्यांकडून नको. आणि अझाइडचं द्रावण विषारी आहे, आम्लाशी थेट मिसळलं तर विषारी वायू सुटतो. वापरलेलं सगळं पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये परत आणा. हा कॅन एकाही किटसोबत येत नाही.