बारावीची पॉलिमर-पेटी: नमुने चोख, चिठ्ठ्या चुकलेल्या

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात 12 नमुन्यांची पॉलिमर-पेटी (प्लास्टिक, रबर, धागे असे लांब साखळ्यांच्या रेणूंचे पदार्थ) मिळते, 650 रुपयांना. प्लास्टिकच्या चकत्या बिनरंगी, कडा घासलेल्या, आत भुकटीची भेसळ नाही. हे महत्त्वाचं, कारण एरवी तरंगणारं पॉलिप्रॉपिलीन पुरेशी टाल्क (खनिजाची पांढरी भुकटी) मिसळली की पाण्यात बुडतं आणि सगळा ताळा चुकतो.

ताळा असा. साध्या पाण्यात पॉलिप्रॉपिलीन आणि दोन्ही पॉलिथिलीन (कमी घनतेचं एलडीपीई, जास्त घनतेचं एचडीपीई) तरंगतात. 100 मिली पाण्यात 12 ग्रॅम मीठ विरघळवलं की पॉलिस्टायरीन वर येतं. नायलॉनसाठी मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालावं लागतं, साधारण 36 ग्रॅम. पीव्हीसी आणि पीईटी तरीही तळाशीच, दोघांची घनता 1.38 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास. चकतीला हवेचे बुडबुडे चिकटले तर जड नमुनाही तरंगतो, म्हणून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई वेगळं करायला शेंगदाणा तेल चालतं: पहिलं तरंगतं, दुसरं बुडतं. एलडीपीईची घनता तेलाच्या इतकी जवळ की त्यावर निकाल देऊ नये.

पीव्हीसी ओळखायला तांब्याची तार तापवून चकतीला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीनमुळे ज्योत हिरवी होते. पेटीसोबतचं पत्रक हे बाकावरच करायला सांगतं. ते चूक आहे. हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, फ्यूम हूडखालीच (धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात) करा.

खरी तक्रार कप्प्यांवरच्या चिठ्ठ्यांची. ‘नैसर्गिक’, ‘संघनन’, ‘थर्मोसेट’ असे कप्पे शेजारी शेजारी आहेत. पहिला उगमावरून, दुसरा बनण्याच्या पद्धतीवरून (रेणू जोडताना पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर पडतो), तिसरा उष्णतेपुढच्या वागण्यावरून (एकदा घट्ट झालं की तापवूनही मऊ होत नाही). मग बेकेलाइट ठेवायचं कुठे? ते कृत्रिम, संघनन, जाळीदार (साखळ्या एकमेकींना जोडलेल्या) आणि थर्मोसेट, चारही एकाच वेळी. तापलेली सुई पॉलिस्टायरीनमध्ये घुसते, बेकेलाइटमध्ये घुसत नाही. कुकरचं हँडल त्याचंच का, हे मुलांना तिथेच कळतं. पण चिठ्ठी फक्त ‘थर्मोसेट’ म्हणते.

रेयॉन ‘कृत्रिम’मध्ये टाकलंय. मूळ सेल्युलोज वनस्पतीचं, ते विरघळवून पुन्हा धागा ओढलेला, म्हणजे अर्धकृत्रिम. नायलॉनच्या चिठ्ठीवर कोणता प्रकार, 6 की 6,6, हे लिहिलेलंच नाही आणि खाली ‘संघनन’. 6,6 बनताना पाणी बाहेर पडतं, तिथे ते बरोबर. नायलॉन 6 मात्र कॅप्रोलॅक्टम या वलयाकार रेणूचं वलय उघडून बनतं, रेणू जोडताना बाहेर काही पडत नाही. वितळणांक साधारण 6 चा 220 आणि 6,6 चा 260 अंश सेल्सिअस, उपकरण असेल तर स्वतः पाहून घ्या.

पेटीतली सर्वात कामाची जोडी पॉलिथिलीनची. एकवारिक (साखळीतला मूळ छोटा रेणू) एकच, इथिलीन. दोन्ही समावेशन (रेणू नुसते एकामागून एक जोडले जातात), दोन्ही एकाच एकवारिकाची. फरक फक्त रचनेचा: एलडीपीई फांद्याफांद्यांचं, म्हणून साखळ्या दाटीने बसत नाहीत, घनता 0.92 च्या आसपास आणि चकती बोटांत वाकते. एचडीपीई बहुतांशी सरळ साखळीचं, 0.95, हाताला ताठ. फळ्यावरच्या सरळ, फांद्यांच्या आणि जाळीदार साखळ्यांच्या तीन आकृत्यांपेक्षा हे वाकवणं जास्त सांगतं.

सध्याच्या चिठ्ठ्या सोलून नुसते क्रमांक चिकटवा आणि प्रत्येक नमुन्यासमोर उगम, बनण्याची पद्धत, रचना आणि उष्णतेपुढचं वागणं असे चार रकाने भरून घ्या. झाकण सैल बसतं, मुंबईच्या पावसाळ्यात कच्च्या रबरावर बुरशी धरते. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. घेताना रबराचा तुकडा सुटा मिळतो का विचारा, पहिला तोच बदलावा लागतो.