ट्रकच्या अपघातानंतर दावा : ठरलेले ५ लाख, न्यायाधिकरण की तडजोड?

मालवाहू ट्रकखाली घरातला कमावता माणूस गेला की तेराव्याच्या आधीच लोक घरी यायला लागतात. कोणी ट्रकमालकाकडून 'आपसात मिटवू' म्हणत येतं, कोणी वकील गाठून देतो म्हणतं, कोणी विमा कंपनीसाठी कागद मागतं. घरच्यांपुढे खरं तर तीनच वाटा असतात, आणि मेलेला माणूस त्या ट्रकचाच चालक किंवा क्लीनर असेल तर चौथी. यातली कुठलीही एक सरसकट चांगली नाही. पण सही करण्याआधी आपला आकडा कागदावर मांडून बघायलाच हवा, आणि नेमकं तेच फार थोडी घरं करतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आधी घेऊ, कारण त्याचीच भुरळ लवकर पडते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरीव रक्कम या कलमात आहे. ट्रकचालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. वाहनाने अपघात झाला आणि त्यात माणूस गेला, एवढं पुरतं. ट्रकमालक किंवा त्याची विमा कंपनी पैसे देते.

दुसरी वाट कलम १६६ची, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा पूर्ण दावा. इथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मात्र फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कुठली बाजू जास्त संभवनीय वाटते यावर निकाल होतो. वेळ लागतो, वर्षं जाऊ शकतात. रकमेला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही, आणि मृत्यू-दुखापतीच्या बाबतीत थर्ड पार्टी विम्यालाही (ट्रकमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्यालाही) ती नाही. (गाडी, दुकान, भिंत अशा मालमत्तेच्या नुकसानीला मात्र ट्रकच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते.)

आता आकडा. समजा ३४ वर्षांचा माणूस, स्वतःचं गॅरेज, महिना १८,००० उत्पन्न. मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे २,१६,००० झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात : ३,०२,४००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : २,२६,८००. २००९च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम किती पट धरायची तो आकडा, १६ आहे. गुणाकार ३६,२८,८०० येतो. अंत्यविधी, मृताच्या मालमत्तेचं (इस्टेटचं) नुकसान आणि सहवास हरपल्याची भरपाई धरली की रक्कम ३८ लाखांच्या पुढे जाते. त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज, बहुधा ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान.

एका बाजूला ५ लाख, दुसऱ्या बाजूला ३८ लाख. न्यायाधिकरणाने मेलेल्या माणसाची निम्मी चूक धरली तरी १९ लाख उरतात. म्हणून कमावत्या, तरुण माणसाच्या मृत्यूत १६४ची रक्कम स्वीकारणं मला घाईचं वाटतं. त्यातून एक गैरसमज पुष्कळांना महागात पडतो. जुन्या कायद्यात कलम १४० होतं. त्याखाली मृत्यूला ५०,००० हातात पडायचे आणि उरलेल्या रकमेसाठी दावा चालू राहायचा. १६४चे पैसेही तसेच आगाऊ समजून लोक घेतात. विमा कंपनीच्या कलम १४९च्या तडजोडीतून ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपुष्टात येतो.

मग १६४ घ्यावी कधी? एक, मेलेल्याचीच चूक उघड असेल तेव्हा. चुकीच्या बाजूने येऊन ट्रकवर आदळल्याचं सीसीटीव्हीत दिसत असेल, तर १६६मध्ये शून्यही पडू शकतं. दोन, वय जास्त आणि उत्पन्न कमी असेल तेव्हा. ६७ वर्षांच्या माणसाला गुणक ५. महिना ८,००० धरले आणि मागे बायकोसह दोघं अवलंबून असली, तर सगळं मिळून साडेचार लाखांच्या आसपास येतं. पाच लाख त्याहून बरे, आणि वाद नाही. तीन, दुखापत. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतीत येतं. पायाचं हाड नीट जुळलं, दवाखान्याचं बिल बेताचं आणि माणूस परत कामावर गेला, तर अडीच लाख १६६च्या रकमेहून जास्तही ठरतात. पाय कापावा लागला किंवा हात कायमचा निकामी झाला की गणित उलटं फिरतं. तिथे अपंगत्वाची टक्केवारी प्रमाणपत्रावर किती आहे यापेक्षा त्याने कमाई किती बुडाली हे बघतात. एक बोट गेलेला शिंपी आणि एक बोट गेलेला कारकून यांना सारखी भरपाई मिळत नाही.

कागद कोणते, हाही प्रश्न याच निवडीचा भाग आहे. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकचं आरसी, परमिट, फिटनेस, पॉलिसी, चालकाचा परवाना. उभ्या ट्रकवर मागून धडक बसल्याच्या प्रकरणात तर सगळं पंचनाम्यावर तोललेलं असतं : मागचे दिवे चालू होते का, रिफ्लेक्टर होता का, ट्रक लेनमध्ये होता की कडेला. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. आणि उत्पन्नाचा पुरावा! गॅरेजवाल्याकडे आयकराचं विवरणपत्र नसतं, पण बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, सुटे भाग घेतल्याची बिलं असतात. वर धरलेले १८,००० सिद्ध झाले नाहीत तर न्यायाधिकरण अंदाजाने कमी धरतं, आणि प्रत्येक कमी हजारामागे अंतिम रकमेतून दोन लाख जातात.

ट्रकवर नागालँडची पाटी बघून लोक हबकतात. कसारा घाटात अपघात झाला आणि घर नाशिकला असेल तर दावा नाशिकला लावता येतो. मालकाच्या गावी जायची गरज नाही. मुदत मात्र सांभाळा. १ एप्रिल २०२२पासून १६६च्या अर्जाला अपघातापासून सहा महिने आहेत. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

'चालकाकडे योग्य परवाना नव्हता, म्हणून आम्ही देणं लागत नाही' असं कंपनी म्हणाली तरी घाबरून तडजोड करू नका. अशा वेळी कंपनीने आधी वारसांना द्यावं आणि नंतर मालकाकडून वसूल करावं, असा आदेश बऱ्याचदा होतो. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये कायम केलं. त्यामुळे छोट्या टेम्पोच्या बाबतीत ही सबब बरीच बोथट झाली आहे.

तिसरी वाट लोकअदालतीतल्या तडजोडीची. तिथे झालेला निवाडा अंतिम, अपील नाही. पैसेही लवकर येतात. वर्षानुवर्षांच्या तारखांऐवजी ३८ लाखांचे २८-३० लाख आज मिळत असतील आणि मुलांच्या शाळेची फी तटलेली असेल, तर मी घ्या म्हणेन. १२ लाखांवर मात्र नाही. दावा दाखल न करता, गावच्या बैठकीत ट्रकमालकाकडून रोख घेऊन लिहून दिलेल्या स्टॅम्पपेपरला मी तडजोड म्हणतच नाही. वकील निकालातल्या रकमेचा टक्का मागत असेल तर तशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.

चालक-क्लीनरच्या घरच्यांची गोष्ट वेगळी. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) चूक कोणाची हे विचारत नसत, आणि संहितेतही विचारत नाहीत. डुलकी लागून ट्रक दरीत गेला तरी भरपाई मिळते. १९२३च्या कायद्यात पगार २२,००० असला तरी हिशोब १५,०००वरच व्हायचा. त्याचे निम्मे ७,५००, ३५ वर्षांच्या वयाला १९७.०६चा घटक, म्हणजे १४,७७,९५०. वर विलंबाबद्दल १२ टक्के व्याज. हाच माणूस समोरच्या ट्रकच्या चुकीने गेला असेल आणि घरी चौघे असतील, तर १६६मध्ये तोच आकडा ४४ लाखांवर जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ म्हणतं, दोन्हीपैकी एकच निवडा. चूक समोरच्याची हे पंचनाम्यात स्पष्ट असेल तर १६६, एकट्याच ट्रकचा अपघात असेल तर कर्मचाऱ्यांच्या भरपाईची ही वाट.

सगळ्यात अडचणीत येतात ते ट्रकच्या हौद्यात बसलेले. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक विम्यात येतो. फुकट किंवा भाडं देऊन बसलेला प्रवासी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात ठरवलं. बीडहून कारखान्यावर निघालेली ऊसतोड टोळी ट्रकमध्ये असते तेव्हा कंपनी हाच मुद्दा पुढे करते. तिथे ते प्रवासी नव्हते, वाहनमालक ठेकेदाराचे कामगार होते, हे दाखवता आलं तर कर्मचाऱ्यांच्या भरपाईचं दार उघडतं. मुकादमाच्या वहीतली उचलीची नोंद, टोळीचा करार, कारखान्याकडचं वाहनाचं तोडणी-वाहतुकीचं खातं यांच्या प्रती पहिल्या आठवड्यातच मिळवा. हंगाम संपला की वही सापडत नाही.