फोनशिवाय चालणारं जीपीएस घड्याळ, म्हणे!

बाबांना हल्ली विसरायला होतं. दाराची किल्ली, दुपारची गोळी, भाजी काय आणायची. फोन तर ते घरीच ठेवून जातात, म्हणून मनगटावरच काहीतरी हवं होतं. नेमकी तशीच जाहिरात मोबाईलवर आली: घर सोडलं की घड्याळ बोलणार, मेडिकलजवळ गेलं की औषधाची आठवण करणार, फोनची गरज नाही, सिम टाका आणि वापरा. किंमत 7,999 खोडून 2,499. शिवाय कॅश ऑन डिलिव्हरी. कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय खोकं फोडू देत नाही, हे अर्थातच जाहिरातीत नसतं.

खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-नंबर (नोंदणी क्रमांक) नाही. स्मार्टवॉचला ही नोंदणी सक्तीची आहे आणि 'बीआयएस केअर' ॲपमध्ये नंबर टाकून ती तपासता येते. इथे टाकायला नंबरच नव्हता.

जिओचं सिम घातलं तर रेंजच नाही. घड्याळ फक्त टूजीवर चालणारं, आणि जिओचं टूजी नेटवर्क नाहीच. दुसऱ्या कंपनीचं सिम आणलं, रेंज आली. ॲपमध्ये घराभोवती गोल आखला, 'किल्ली घ्या' असा निरोप भरला. बाबा खुशीत शेजारपाजाऱ्यांना मनगट दाखवून आले.

रात्री सगळे गाढ झोपेत असताना घड्याळ ओरडलं, किल्ली घ्या! थोड्या वेळानं परत. "अगं, हे मला घराबाहेर काढायला निघालंय का?" बाबा वैतागून उठून बसले. ॲपमध्ये बाबा पोवई नाक्यावर होते. प्रत्यक्षात सदर बझारमधल्या आमच्या घरात, गोधडीत. आणि सकाळी खरोखर मंडईत गेले तेव्हा घड्याळ चिडीचूप, किल्ली खुंटीला.

नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एलबीएस' लिहिलं होतं. म्हणजे घड्याळ उपग्रहांच्या सिग्नलवरून नाही, तर कोणत्या मोबाईल टॉवरची रेंज लागली त्यावरून जागेचा अंदाज बांधत होतं. टॉवर बदलला की माणूस हलला, असा त्याचा हिशेब. त्यात शेकडो मीटरची चूक सहज होते, गावाबाहेर काही किलोमीटरचीही. खरं जीपीएस उघड्यावर पाचेक मीटरपर्यंत नेमकं सांगतं. स्लॅबखाली तेही गडबडतं, म्हणून पारखायचं तर मोकळ्या मैदानात. तिथे बराच वेळ थांबूनही कोपऱ्यातलं 'एलबीएस' काही बदललं नाही, म्हणजे आत जीपीएसची चिपच नाही.

बऱ्याच स्वस्त घड्याळांत तिसराच प्रकार असतो: जागा फोनला कळते, घड्याळ ती ब्लूटूथवरून घेतं. तसं खोक्यावर स्पष्ट लिहिलं असेल तर तक्रार नाही, पण फोन घरी ठेवणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

व्हॉट्सॲपवरचा 'सपोर्ट'वाला म्हणाला, "मॅडम, 999 भरा, प्रीमियम लोकेशन चालू होईल." आत चिपच नसताना 999 भरून काय चालू होणार? पैसे परत मागितले, तर गडी लगेच तयार! एक क्यूआर कोड आला: "स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. "माझ्या यूपीआय आयडीवर पाठवा," म्हटल्यावर मी ब्लॉक. अशा कोडवर कुणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

घड्याळाची तक्रार मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कुरिअरच्या लेबलचा फोटो जोडून. लेबलवर पाठवणारा म्हणून फक्त पार्सल पुढे ढकलणारी एजन्सी आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पण विक्रेत्याचा पत्ताच नसेल तर ते नियम लावायचे कुणाला?

तीच जाहिरात परवा पुन्हा दिसली. घड्याळाचं नाव बदललंय, किंमत 1,999.