क्युकेनहॉफ आणि लिसेची ट्युलिपची शेतं: तिकीट बागेचं, दिवस सायकलचा

फोटोत दिसणारे लाल-पिवळ्या ट्युलिपचे क्षितिजापर्यंत गेलेले पट्टे बघायचे म्हणून बरेच जण नेदरलँड्समधल्या क्युकेनहॉफ या फुलबागेचं तिकीट काढतात आणि आत गेल्यावर ते पट्टे शोधत फिरतात. ते बागेत नाहीत. बाहेर, लिसे, हिलेगोम आणि नोर्डवाइकरहाउट या गावांच्या शिवारात आहेत. ती शेतं बघायला पैसे पडत नाहीत, फक्त सायकल लागते. म्हणून बागेला तीन तास द्या आणि उरलेला दिवस शेतांना.

बाग मात्र खरोखर पाहण्यासारखी आहे. १९५० पासून वसंतात मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडते आणि जेमतेम आठ आठवडे सुरू असते. ३२ हेक्टरमध्ये सुमारे ७० लाख कंद दर पावसाळी शरदात हाताने लावले जातात. खरी कारागिरी लावणीत आहे. एकाच वाफ्यात सगळ्यात खाली उशिरा फुलणारे ट्युलिप, त्यावर लवकर फुलणारे, आणि सगळ्यात वर क्रोकस. क्रोकस ओसरले की त्याच मातीतून पुढचा थर वर येतो, त्यामुळे कोणत्याही आठवड्यात गेलात तरी वाफे भरलेले दिसतात. हायसिंथच्या वाफ्याजवळ मिनिटभर थांबा. निशिगंधासारखा दाट वास, आणि थंड हवेत तो जमिनीलगतच रेंगाळतो. फुलं वाकून बघावी लागतात, म्हणजे दोन्ही एकदमच साधतं.

तिकीट ऑनलाइन, प्रवेशाची वेळ निवडून काढायचं. साडेदहा ते चार या वेळात टूरच्या बस येतात आणि पवनचक्कीजवळच्या अरुंद वाटांवर फोटोसाठी रांगा लागतात. सकाळी आठची वेळ मिळाली तर तीच घ्या, नाहीतर चारनंतरची. बाग साडेसातपर्यंत उघडी असते आणि एप्रिलअखेरीस उजेड त्यानंतरही तासभर टिकतो.

शेतांचं वेळापत्रक बागेसारखं लवचीक नाही. मार्चअखेर डॅफोडिल, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हायसिंथ, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत ट्युलिप. थंडी लांबली की सगळं आठवडाभर पुढे सरकतं. काल रंगाने भरलेलं शेत आज नुसतं हिरवं दिसलं, तर त्याचं कारण असं: इथे पीक फुलांचं नसून कंदाचं आहे. फूल पूर्ण उमललं, वाण खरा आहे ना ते पाहून झालं, की यंत्राने फुलं खुडतात, म्हणजे झाडाची ताकद बीज धरण्यात न जाता कंद पोसला जातो. त्याआधी माणसं ओळीओळीने फिरून रोगट झाडं उपटतात. पाकळ्यांवर वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर तो मावा किडीने पसरवलेला विषाणू असतो. फोटोसाठी ओळींमध्ये शिरू नका, ते याचसाठी. बुटांबरोबर रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो आणि पायाखाली कंद चेंगरतात. बांधावरूनच फोटो काढा, आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरा. पट्टे जास्त दाट दिसतात.

बांधालगतच्या चराकडेही बघा. माती वाळूची, आणि चरातलं पाणी पंपांनी अशा पातळीवर राखलेलं की जमिनीखालचं पाणी साधारण ५५ ते ६० सेंटिमीटरवर राहतं. वर आलं तर कंद सडतो, खाली गेलं तर वाळू कोरडी पडते. लिसेच्या पूर्वेला सायकल घेऊन गेलात की हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर दिसतो. छोटासा चढ चढून रिंगफार्ट कालव्याच्या बांधावर यायचं: एका बाजूला काठोकाठ पाणी, दुसऱ्या बाजूला कित्येक फूट खाली शेतं आणि घरं. हे हार्लेमरमेर सरोवर वाफेवर चालणाऱ्या तीन पंपकेंद्रांनी उपसून १८५२ मध्ये कोरडं केलं. अ‍ॅमस्टरडॅमचा स्किपॉल विमानतळही याच सरोवराच्या तळावर आहे. नेदरलँड्स समजून घ्यायला या बांधावरची दहा मिनिटं फार मोलाची.

सायकल बागेच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते. स्टेशनवरच्या निळ्या-पिवळ्या सायकलींसाठी तिथलं वैयक्तिक प्रवासकार्ड लागतं, पाहुण्यांनी त्यांच्या भरवशावर राहू नये. बऱ्याच डच सायकलींना मागे पेडल मारलं की ब्रेक लागतो. सिग्नलला थांबल्यावर पेडल उलटं फिरवून पाय जमवायची आपली सवय इथे चालत नाही, चाक जागेवर अडतं. थांबतानाच एक पेडल वर येईल असं थांबा, किंवा हँडलवर ब्रेक असलेली सायकल मागा. सीट खाली करून घ्यायला संकोच करू नका. वाहतूक उजवीकडून, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वळणांवर गफलत होते, विशेषतः डावीकडे वळताना. रस्त्यावर पांढरे त्रिकोण असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील, तर आडव्या रस्त्याने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वाटांवरच्या चौकांना आकडे असतात. चार-पाच आकडे कागदावर लिहून घेतले की नकाशा लागत नाही, आणि चालत्या सायकलवर फोन हातात धरायला बंदीच आहे.

स्किपॉल विमानतळावरून आणि लायडन शहरातून बागेपर्यंत बस मिळते. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून चढायचं आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. एक कार्ड म्हणजे एक प्रवासी. उतरताना विसरलात तर रेल्वेत २० युरो कापले जातात. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस ही दोन्ही बटणं निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करा. पुष्कळ दुकानं आणि कॅफे रोख घेतच नाहीत.

खाणं बागेत महाग. शाकाहारी असाल तर गावातल्या सुपरमार्केटमधून ब्रेड, शाकाहारी असल्याची खूण असलेलं गौडा चीज आणि मनुकांचे गोड बन घेऊन जा. तिथली माणसंही दुपारी थंड ब्रेड-चीजच खातात. वाटाण्याच्या घट्ट सूपमध्ये डुकराचं मांस असतं, विचारूनच घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

कंद विकत घ्यायचा मोह होईल. वसंतात जमिनीत असलेला कंद उन्हाळ्यात काढतात आणि शरदात विकतात, म्हणून बागेत ऑर्डर देऊन नंतर पोस्टाने मागवायची पद्धत आहे. भारतात आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. शिवाय कंदाला तीनेक महिने सलग थंडी मिळाल्याशिवाय नीट फूल धरत नाही.

शेवटचा प्रश्न मुक्कामाचा. लायडन दक्षिणेला, हार्लेम उत्तरेला, दोन्ही सायकलने तासाभराच्या अंतरावर. त्या सपाट मुलखात चढ नाहीत, पण वारा आहे, आणि तो बहुतेकदा नैऋत्येकडून येतो. तेव्हा हार्लेमला उतरा. सकाळी ताज्या पायांनी वाऱ्याशी झगडायचं, संध्याकाळी तोच वारा पाठीवर घेऊन परतायचं. एप्रिलमध्ये कधीकधी वारा ईशान्येकडूनही वाहतो, म्हणून आदल्या रात्री अंदाज पाहा. तसं असेल तर सकाळी सायकल ट्रेनमध्ये न घालता लायडनपर्यंत ट्रेनने जा आणि तिथूनच भाड्याने घ्या.